समोरच्याचं काय अडकलंय? ऑनलाइन खरेदी आणि लिलावातल्या विश्वासाबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रोडवरच्या एका घरात येत्या दोन महिन्यांत तीन व्यवहार व्हायचे आहेत. इन्स्टाग्रामवर ३,८०० रुपयांना ‘हातमागाची, शुद्ध रेशमाची’ पैठणी दिसली आहे; विक्रेतीचे ४० हजारांवर फॉलोअर आहेत. मुलासाठी वापरलेला फोन घ्यायचा आहे आणि घरातला जुना विकायचा आहे. शिवाय धायरीतला एक फ्लॅट थकलेल्या कर्जापोटी बँकेच्या ई-लिलावात निघालाय, राखीव किंमत (म्हणजे बोलीची किमान रक्कम) ४० लाख. आजोबा म्हणतात, काय घ्यायचं ते लक्ष्मी रोडला जाऊन हात लावून घ्या. नात म्हणते, रिव्ह्यू वाचले की झालं. विश्वास ठेवायचा तर नक्की कशावर?

आजोबांचा सल्ला बरोबर, कारण चुकीचं. हात लावून शुद्ध रेशीम ओळखणारी माणसं पुण्यातही मोजकीच. लक्ष्मी रोडवर आपण निर्धास्त असतो, कारण दुकानदाराचा गाळा तिथेच असतो. साडी खोटी निघाली तर उद्या संध्याकाळी ऐन गर्दीत तुम्ही ती घेऊन त्याच्या गादीसमोर उभे राहू शकता, आणि हे त्यालाही ठाऊक असतं. त्याचं काहीतरी तिथे अडकलेलं आहे. बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात पथारीवर मोबाइल विकणाऱ्याचं काहीच अडकलेलं नसतं. तिथे गिऱ्हाईक माल हातात घेतं, उलटसुलट करून बघतं आणि तरी फसतं.

म्हणून ऑनलाइन काहीही घेण्या-विकण्याआधी एक प्रश्न विचारायचा: समोरचा खोटा निघाला तर त्याचं काय जाईल, आणि ते आत्ता कोणाच्या ताब्यात आहे? उत्तर ‘काही नाही’ असं आलं, तर फॉलोअर, निळी टिक, गोड बोलणं, ‘ताई, विश्वास ठेवा’ हे सगळं शून्य धरायचं. अडकू शकतात अशा गोष्टी तीन: पैसे, नाव आणि कायद्याला सापडणारा पत्ता.

पैशांपासून सुरुवात करू. मोठ्या मार्केटप्लेसवर तुम्ही भरलेली रक्कम लगेच विक्रेत्याला मिळत नाही. ती मध्यस्थाकडे राहते आणि काही दिवसांनी, परतीचा हिशेब धरून, त्याच्या खात्यात जाते. भारतात अनोळखी माणसांमध्ये ऑनलाइन लिलाव चालले तेही याच युक्तीवर. ईबे या अमेरिकी लिलाव-साइटने २००४ मध्ये बाझी डॉट कॉम ही भारतीय लिलाव-साइट विकत घेतली. तिथे ‘पैसापे’ नावाची सोय होती, पैसे आधी साइटकडे आणि नंतर विक्रेत्याकडे. ईबे इंडिया ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली, पण ती कल्पना आज सगळीकडे आहे.

इथे एक मोठा गैरसमज आहे. फ्लिपकार्टने २०१० मध्ये कॅश ऑन डिलिव्हरी सुरू केली आणि भारतीय गिऱ्हाइकाची भीड चेपली, हे खरं. पण कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे पार्सल आल्यावर पैसे. माल बघून पैसे नव्हे. खोका उघडण्याआधी नोटा कुरियरवाल्याच्या हातात गेलेल्या असतात. त्यामुळे अनोळखी साइटवर ‘सीओडी आहे ना, मग काय भीती’ हा तर्क लंगडा आहे. खोक्यात साडीऐवजी चिंधी निघाली तर तुमची अवस्था आगाऊ पैसे भरणाऱ्यासारखीच; फक्त भरलेल्या पैशांचा बँकेतला माग तुमच्याकडे नाही, म्हणजे उलट वाईट. खरी माल बघून पैसे देण्याची सोय म्हणजे ओपन बॉक्स डिलिव्हरी. त्यात ओटीपी हा तुमचा अंगठा. वस्तू बाहेर काढून, मॉडेल आणि रंग जुळवून, फोन असेल तर चालू करून मगच ओटीपी सांगायचा. डिलिव्हरीवाला घाईत असतो, ‘आधी ओटीपी द्या, मग उघडतो’ म्हणतो. तिथे ठाम राहायचं.

पैसे भरायच्या पद्धतींतही फरक आहे. कुणाच्या खासगी नंबरवर यूपीआय केलं की ते पैसे गेले. मध्ये कोणी थांबवणारं नाही. क्रेडिट कार्डाने भरले आणि माल आलाच नाही, तर बँकेकडे व्यवहाराला आव्हान देता येतं. लहान, नव्या वेबसाइटवर पहिली खरेदी करायची तर क्रेडिट कार्डच वापरावं. खात्यातून पैसे कापले आणि ऑर्डर झालीच नाही, तर घाबरायचं कारण नाही: रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार दुकानदाराला केलेला यूपीआय किंवा ऑनलाइन कार्ड व्यवहार फसला तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे रोज १०० रुपये भरपाई. या पाच दिवसांत गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधायचा नाही. त्या शोधात भामट्यांनी पेरलेले नंबर सापडतात, ते एक स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतात आणि अडकलेल्या रकमेच्या पाठोपाठ खातंही रिकामं होतं. मदत मागायची ती ॲपच्या आत जाऊनच.

आता नाव, म्हणजे तारे आणि रिव्ह्यू. नात म्हणते त्यात तथ्य आहे. चांगल्या नावाला बाजारात खरोखर किंमत मिळते. पॉल रेझ्निक आणि सहकाऱ्यांनी ईबेवर एक प्रयोग केला होता, तो २००६ मध्ये छापून आला. जुन्या पोस्टकार्डांचे सारखेच संच एका मुरलेल्या विक्रेत्याच्या खात्यावरून आणि त्याच्याच नव्या, कोऱ्या खात्यांवरून विकले. मुरलेल्या खात्याला साधारण ८ टक्के जास्त किंमत मिळाली. म्हणजे वर्षानुवर्षं कमावलेलं नाव हा ऐवज आहे, आणि तो गमावण्याची भीती हीच तुमची हमी. पण आठ टक्क्यांसाठी कुणी इमानदार राहील का, हे वस्तूच्या किमतीवर ठरतं. पाचशेच्या वस्तूंवर नाव कमावून पन्नास हजारांच्या कॅमेऱ्यावर ते एकदाच खर्च करणं ही जुनी चाल आहे. म्हणून रिव्ह्यू आहेत का एवढंच बघून भागत नाही, ते याच किमतीच्या मालाचे आहेत का हे बघायचं.

आकड्यांचं एक साधं गणित ठेवा. चांगल्या अभिप्रायांत १ मिळवा, एकूण अभिप्रायांत २ मिळवा, मग भागा. १० पैकी १० चांगले असलेला विक्रेता ११ भागिले १२, म्हणजे ९१.७ टक्के. ५०० पैकी ४८० चांगले असलेला ४८१ भागिले ५०२, म्हणजे ९५.८ टक्के. ‘शंभर टक्के’वाला मागे पडला. थोड्या अभिप्रायांवरचा पैकीच्या पैकी आकडा विक्रेत्याच्या चुलतभावंडांनीही होतो.

वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडा. खूश झालेला आणि चिडलेला माणूसच लिहायला बसतो, मधला बसत नाही. त्यामुळे टोकाचे अभिप्राय ढिगाने असतात. माहिती दोन, तीन आणि चार ताऱ्यांत असते: ‘मिक्सर बरा आहे पण चटणीचं भांडं गळतं.’ क्रम ‘नवीन आधी’ असा लावा, कारण माल बदलतो आणि तारे जुनेच राहतात. एकाच आठवड्यात आलेले, एकाच थाटाचे, वस्तूचा एकही तपशील नसलेले अभिप्राय वजा करा. कधी मिक्सरखाली ‘चार्जर लवकर चार्ज करतो’ असं वाचायला मिळतं. म्हणजे जुन्या वस्तूच्या पानावर नवी वस्तू चढवून तारे उसने घेतलेत. खोक्यात ‘पाच तारे द्या, १०० रुपये मिळवा’ अशी चिठ्ठी आली तर त्या पानावरच्या सगळ्याच ताऱ्यांचा भाव तुम्हाला कळला. आणखी एक: वस्तूचे तारे वेगळे, विक्रेत्याचे वेगळे. एकाच कुकरच्या पानावर चार विक्रेते असू शकतात. विक्रेत्याच्या नावावर टिचकी मारून त्याचं पान बघायचे कष्ट फार थोडे घेतात.

ईबेची आणखी एक गोष्ट इथे शिकण्यासारखी आहे. तिथे आधी विक्रेता आणि गिऱ्हाईक दोघंही एकमेकांना वाईट शेरा देऊ शकत. परिणाम असा की गिऱ्हाइकं सूडाच्या भीतीने गप्प बसू लागली. २००८ मध्ये विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा अधिकार काढून घेतला गेला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घरगुती विक्रेत्यांबद्दल वाईट कधीच वाचायला का मिळत नाही, याचं उत्तर यात आहे. लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या काकूंच्या चकल्या खवट होत्या असं कोण लिहिणार?

तिसरी गोष्ट पत्ता. वेबसाइटच्या तळाशी जीएसटी क्रमांक शोधा. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्र २७), पुढची दहा अक्षरं मालकाचा पॅन. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता तो टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द हे दिसतं. साइट म्हणते ‘१९८५ पासून सेवेत’ आणि नोंदणी गेल्या महिन्यातली, तर जरा थांबा. क्रमांक दुसऱ्याच कुणाचा चिकटवलेला असतो तेव्हा नाव जुळत नाही. क्रमांक नाहीच, एवढ्यावरून मात्र घरगुती विक्रेत्याला खोटं ठरवू नका. छोट्या उलाढालीला नोंदणी लागत नाही. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतलं कुलूप ही हमी समजू नये, ते फक्त जोडणी सुरक्षित आहे एवढंच सांगतं. चोराच्या घरालाही कुलूप असतं.

‘फक्त २ शिल्लक’, ‘आत्ता १७ जण बघताहेत’, उलटे पळणारे घड्याळ, गुपचूप टोपलीत आलेला एक रुपया दान किंवा विमा: नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ चलाख्यांना अनुचित ठरवलंय. घड्याळ खरं की खोटं हे तपासायला पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. ते पुन्हा पंधरा मिनिटांपासून सुरू झालं तर ते घड्याळ तुमच्यासाठीच लावलंय.

पैठणी

३,८०० रुपयांत हातमागाची, शुद्ध रेशमाची पैठणी होत नाही. पदर विणायलाच किती दिवस जातात ते धरलं तर मजुरीही सुटत नाही. तेव्हा ही साडी यंत्रमागाची आहे आणि रेशीमही मिश्र किंवा नकली आहे असं धरून, ‘सेमी पैठणी’ म्हणून तेवढे पैसे द्यायचे आहेत का हे ठरवा. त्यात वाईट काही नाही, हळदीकुंकवाला छान दिसते.

खरी हवी असेल तर विक्रेतीकडे पदराच्या उलट्या बाजूचा, दिवसाच्या उजेडातला, न थांबता काढलेला व्हिडिओ मागा. हातमागावर मोर, पोपट किंवा मुनिया प्रत्येक रंगाचा धागा वेगळा गुंफून विणतात, म्हणून पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो. यंत्रमागाच्या साडीत उलट बाजूला सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. ‘उलटी बाजू दाखवता येत नाही, पॅक झालीय’ असं उत्तर आलं तर विषय संपला. सिल्क मार्कचं लेबल मागा, पण ते फक्त रेशमाची खात्री देतं, हातमागाची नाही. विक्रेते दोन्हींत बेमालूम गल्लत करतात. साडी घरी आल्यावर काठाच्या आतले दोन धागे ओढून जाळा: रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख चुरते, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. हे परतीची मुदत संपायच्या आत करा, आणि धागा अशा जागचा घ्या की साडी परत करताना खोट काढता येणार नाही.

व्यवहाराचं म्हणाल तर विक्रेतीला सरळ विचारा: ‘आवडली नाही तर ७ दिवसांत परत घ्याल का, कुरियर तुमच्याकडून?’ खरा माल विकणारी हो म्हणेल, कारण तिच्या शंभरातल्या दोन-तीनच साड्या परत येतात. खोटा माल विकणारीला ही अट परवडतच नाही. ‘पॉलिसी आहे, नो रिटर्न नो एक्स्चेंज’ हे वाक्य कायद्यातही टिकत नाही: २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितल्यापेक्षा वेगळा असेल तर विक्रेता परत घ्यायला नकार देऊ शकत नाही.

पार्सल उघडताना व्हिडिओ एकाच फटक्यात घ्या. आधी सहाही बाजू, लेबल आणि त्यावरचा कुरियर क्रमांक, टेपची सील, मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन, मग कात्री. लेबलवर अनेकदा वजन छापलेलं असतं. तिथे ०.९ किलो आणि काट्यावर ३५० ग्रॅम, तर कुठे गडबड झाली हे उघडण्याआधीच कळतं. मध्ये व्हिडिओ थांबवून पुन्हा सुरू केला की त्याची किंमत निम्मी होते.

फोन

वापरलेल्या वस्तूंच्या बाजाराचं दुखणं जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या उदाहरणाने मांडलं, त्यासाठी २००१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. गिऱ्हाइकाला चांगली-वाईट वस्तू ओळखता येत नाही, म्हणून तो सरासरी किंमत देतो. त्या किमतीला चांगल्या वस्तूचा मालक विकायला तयार नसतो आणि बाजारात गाळ उरतो. म्हणून सहा महिन्यांची लेखी वॉरंटी असलेला रिफर्बिश्ड फोन १०-१५ टक्के महाग मिळाला तरी मला तो स्वस्त वाटतो. वॉरंटी देणाऱ्याचं काहीतरी अडकलेलं असतं.

थेट माणसाकडून घ्यायचा असेल तर आगाऊ टोकन नाही, पार्सलने नाही, समोरासमोरच. ‘बदली झालीय, छावणीतून पार्सल पाठवतो’ म्हणणारा लष्करी जवान, सोबत ओळखपत्राचा फोटो, हा ठरलेला सापळा आहे. गणवेशावरचा आपला विश्वास तो विकतो. भेटण्याआधी आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) मागून घ्या आणि इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून १५ आकडी क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं उत्तर आलं तर भेटूच नका. भेटल्यावर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून तोच क्रमांक फोनमध्ये, खोक्यावर आणि बिलावर जुळतो का बघा. मग मालकालाच त्याच्या खात्यातून बाहेर पडून फोन रीसेट करायला लावा आणि पहिल्या स्क्रीनपर्यंत तुम्ही स्वतः सुरू करा. जुन्या खात्याचा पासवर्ड मागितला तर फोन कितीही चकचकीत असो, तो वीट आहे. तुमचं सिम घालून कॉल, आवाज रेकॉर्ड करून माइक, दोन्ही कॅमेरे, तुमच्या चार्जरने पाच मिनिटं चार्जिंग, आणि एखादा आयकॉन बोटाने सगळ्या स्क्रीनभर ओढत नेऊन मेलेल्या जागा. आयफोनमध्ये बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करा. अर्धा तास लागतो. ‘एवढं काय बघता’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघायचं.

विकताना धोका उलट दिशेने येतो. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. कधीच नाही. ‘आधी १ रुपया येईल, मग पूर्ण, फक्त हा कोड स्कॅन करा’ म्हटलं की फोन ठेवायचा. पैसे आले हे समोरच्याच्या स्क्रीनवर किंवा एसएमएसवर नव्हे, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघून ठरवायचं. आयएमईआय, तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या असलेली दोन ओळींची पावती करा. पुढे त्या फोनवरून काही उद्योग झाले तर पोलिसांपुढे तीच कामी येते.

पैसे गेलेच, तर बँकेच्या शाखेत जायच्या आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. तासभरही थांबू नका. पैसे या खात्यातून त्या खात्यात पळत असतात आणि जिथे सापडतील तिथेच गोठवता येतात. हाताशी ठेवा: रक्कम, वेळ, १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक, समोरची यूपीआय आयडी. बँकेची जबाबदारी किती हे मात्र कडू आहे. तुमचा काही दोष नसताना तिसऱ्यानेच गडबड केली आणि तुम्ही ३ कामाच्या दिवसांत कळवलं, तर २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार तुमचं नुकसान शून्य. पिन तुम्हीच टाकला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्याच माथी.

ग्राहक म्हणून दाद मागायची तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा; ४८ तासांत पोच आणि महिन्यात निकाल हे त्याच्यावर बंधन आहे. मग १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे पुण्यातच, तक्रार करता येते, विक्रेता सुरतचा असला तरी. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. पण एखाद्याने घरातला जुना फोन तुम्हाला विकला असेल तर तो ‘व्यापारी’ नाही. ई-कॉमर्स नियम त्याला लागत नाहीत. म्हणूनच तिथे तपासणीचा अर्धा तास एवढा मोलाचा.

फ्लॅट

लिलावात एक वेगळाच शत्रू असतो: आपण स्वतः. जाहिरातीतून घेताना किंमत समोरचा सांगतो, लिलावात आपणच स्वतःला चढवतो. मार्केट यार्डात आडत्यासमोर बोली लावणारा व्यापारी हट्टाला पेटत नाही, कारण त्याला तो माल उद्या विकायचा असतो. घर घेणाऱ्याला तिथे देव्हारा कुठे ठेवायचा हे आधीच दिसायला लागलेलं असतं.

ईबेसारख्या लिलावात तुम्ही कमाल रक्कम गुप्तपणे देता आणि यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतीच चढते. तुमची मर्यादा ६,०००, दुसऱ्याची ४,५००, टप्पा १०० चा, तर तुम्ही ४,६०० देता. अर्थतज्ज्ञ विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये दाखवलं की दुसऱ्या क्रमांकाची किंमत द्यायची असेल तर खरी मर्यादा लिहिणं यातच शहाणपण. तरीही लोक शेवटच्या सेकंदाला बोली टाकतात. रॉथ आणि ओकनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबेची तुलना ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली. ॲमेझॉनवर उशिरा बोली आली की वेळ १० मिनिटं वाढे, त्यामुळे तिथे ही घाई कमी होती. बँकांच्या ई-लिलावातही शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढवण्याची अट सहसा असते, म्हणून तिथे दबा धरून बसण्यात अर्थ नाही. आणि एक सापळा १९७१ पासून नोंदलेला आहे, तेलक्षेत्रांच्या लिलावांवरून: सगळ्यांच्या अंदाजांत सर्वांत फुगलेला अंदाज ज्याचा, तोच जिंकतो. स्पर्धक वाढले की मर्यादा वाढवायची नसते, कमी करायची असते.

मर्यादा ठरवताना वरचे खर्च उलटे काढा. नाण्यांच्या किंवा चित्रांच्या लिलावात समजा एकूण १०,००० च खर्चायचे आहेत, लिलावगृहाचं प्रीमियम (बोलीवर लागणारं त्यांचं शुल्क) १५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी, पाठवणी ३००. तर बोलीची मर्यादा ९,७०० भागिले १.१७७, म्हणजे सुमारे ८,२४०; वस्तूवर वेगळा कर असेल तर आणखी खाली.

आता धायरीचा फ्लॅट. इथे विश्वासाची गाडी उलटी धावते: बँकेचं काही अडकलेलं नाही, तुमचं अडकतं. नोटिशीत ‘जिथे आहे तसं, जे आहे तसं’ अशा अर्थाचं वाक्य असतं, आणि ते अक्षरशः खरं असतं. आधी नोटीस खरी आहे का हे वर्तमानपत्र, बँकेची स्वतःची साइट आणि सरकारी बँकांचं बँकनेट पोर्टल यांत जुळवा. अनामत रक्कम नोटिशीतल्या खात्यावर किंवा पोर्टलवरच भरा, ‘एजंट’च्या खात्यावर नाही.

हिशेब असा. राखीव ४० लाख, अनामत साधारण १० टक्के म्हणजे ४ लाख. तुम्ही ४४ लाखांना जिंकलात तर २५ टक्के, म्हणजे ११ लाख, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी भरायचे. ४ लाख वजा जाता ७ लाख. उरलेले ३३ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँक लेखी मान्य करेल तर मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर ११ लाख जप्त. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी पूर्ण जप्ती योग्य ठरवली आहे. गृहकर्ज पंधरा दिवसांत होत नाही, तेव्हा अनामत भरण्याआधीच या मालमत्तेपुरती मंजुरी लेखी हातात हवी. वर पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के धरून ३ लाख ८ हजार (फक्त महिलेच्या नावे घेतलं तर १ टक्का कमी) आणि नोंदणी ३० हजार. सोसायटीची थकबाकी सचिवाकडून लेखी घ्या, मिळकतकर महापालिकेच्या साइटवर बघा, मीटरवरचा ग्राहक क्रमांक टिपून महावितरणचं थकलेलं बिल बघा. वीजपुरवठा हवा तर आधीच्या मालकाची थकबाकी नव्याकडे मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केलंय. इंडेक्स दोन (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) आणि मालकीचा ३० वर्षांचा शोध वकिलाकडून करून घ्या.

कर्जदार शेवटच्या क्षणी पैसे भरून फ्लॅट सोडवेल ही भीती आता कमी आहे. कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती मुभा लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच. तो कर्ज वसुली न्यायाधिकरणात मात्र जाऊ शकतो, आणि तिथे तारखा पडतात. तुमच्या बाजूने ग्राहक आयोगाकडे धाव घेण्यावरही फार भिस्त ठेवू नका. जाहीर लिलावात जागा घेणारा ‘ग्राहक’ नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये चंडीगडच्या प्रकरणात म्हटलं होतं.

सगळ्यात मोठा प्रश्न ताब्याचा. नोटिशीत ‘प्रत्यक्ष ताबा’ की ‘सांकेतिक ताबा’ हे शब्द शोधा. सांकेतिक म्हणजे आत अजून कोणीतरी राहतंय आणि त्यांना बाहेर काढण्यात वर्ष जाऊ शकतं. तोवर हप्ता आणि सध्याच्या घराचं भाडं दोन्ही तुमच्याच खिशातून. पाहणीच्या दिवशी जा, दार कोण उघडतं ते बघा, शेजाऱ्यांशी आणि वॉचमनशी बोला. दार आतल्या माणसाने उघडलं, तर ४० लाखांतही हा फ्लॅट महाग आहे.